गोव्याच्या मातीतून जुना समाज किती कळतो?

प्रश्न सत्तरी तालुक्यातल्या एका शाळामास्तरांचा आहे. थोडक्यात असा: कुठे जुनी मूर्ती, खापरं किंवा कोरलेला कातळ सापडला की 'हजारो वर्षांपूर्वीची प्रगत संस्कृती' अशी बातमी येते. अशा वस्तूंवरून त्या काळच्या समाजाबद्दल खरोखर काय कळतं आणि तर्क कुठून सुरू होतो? सोबत त्यांनी गावच्या देवळामागे पडलेल्या दोन कोरीव दगडांचे फोटोही पाठवले आहेत. त्या दगडांकडे पुढे येतो.

आधी सरळ उत्तर. लोक काय पिकवत आणि खात, कुठून काय आणत, किती माणसं राबवून काय उभारत, मेलेल्याचं काय करत, हे पुरातत्त्व बऱ्यापैकी भरवशाने सांगू शकतं. गावात मोठं कोण आणि लहान कोण, हेही पुष्कळदा सांगतं. त्या लोकांच्या मनात काय होतं, ते कोणत्या देवाला काय मागत, हे मात्र क्वचितच हाती लागतं. आणि लोकांना नेमकं तेच ऐकायचं असतं! कुठेही व्याख्यानाला गेलं की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला: "हे कुणी कोरलं, कशासाठी कोरलं?" कुणी कोरलं याचं उत्तर थोडंफार देता येतं. 'कशासाठी'चं उत्तर कुणी छातीठोकपणे देऊ लागला तर सावध व्हा.

दुसरी गोष्ट, या धंद्यात वस्तूपेक्षा तिच्या जागेला किंमत जास्त. कुणी पिशवीत घालून एखादं मातीचं भांडं आणून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "किती जुनं?" भाजणी, घडण, रंग बघून अंदाज सांगता येतो, पण त्यापुढे भांडं मुकं असतं. तेच भांडं जमिनीत कोणत्या थरात होतं, शेजारी चूल होती की धान्याची कणगी, आत राख होती की लहान मुलाची हाडं, हे कळलं तर त्याच्यावरून एका घराची गोष्ट सांगता येते.

याचं मराठी वाचकाला जवळचं उदाहरण म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे खोदलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली. लहान मुलं मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरलेली, मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले. एक पाच खोल्यांचं घर इतर घरांहून मोठं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. आता यातलं काय पक्कं आणि काय तर्क, ते बघा. पाय तोडलेले होते, हे पक्कं. मेलेला भूत होऊन परत चालत येऊ नये म्हणून तोडले, हा तर्क. चांगला तर्क आहे, पण तर्कच. मोठं घर कोठाराला लागून होतं, हे पक्कं. म्हणजे धान्यावर त्या घराची सत्ता होती, हा तर्क जास्त मजबूत, कारण घर, कोठार आणि त्याच घराच्या अंगणातलं वेगळ्या पद्धतीचं दफन या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात. एकट्या पुराव्यावर मी कधी मोठा डोलारा उभा करत नाही. तिघे साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगू लागले तर मान डोलवायला हरकत नाही.

गोव्यात इनामगाव का सापडत नाही, असं तुम्ही विचाराल. माणसं नव्हती म्हणून नव्हे. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस. अशा मातीत हाड टिकत नाही, लाकूड तर नाहीच. देशावर मुलाच्या दुधाच्या दातावरूनही आहाराचा अंदाज बांधता येतो. इथे बहुतेक ठिकाणी हाती लागतात दगड, खापरं, वीट आणि धातू. म्हणून गोव्यातला पुरावा मुळातच एकांगी आहे. जे टिकणारं तेवढंच उरलं. झावळांच्या छपराखाली राहून मातीच्या चुलीवर पेज शिजवणारा माणूस त्यातून जवळजवळ गळून गेला, हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं वाचायचं.

आता उसगाळीमळ. याला पणसायमळ असंही म्हणतात. सांगे तालुक्यात रिवणजवळ कुशावती नदीच्या वळणावर जांभ्याचा सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभरहून अधिक आकृती कोरल्या आहेत. १९९३ मध्ये गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने त्याची नोंद केली. गावकऱ्यांना ती चित्रं आधीपासून ठाऊक होती. गुराख्यांनी गुरं चारता चारता कोरली, असं ते मानत. बातम्यांत 'शोध लागला' असं छापून येतं, तेव्हा कुणाला लागला, हे विचारत जा.

भर दुपारी गेलात तर तुम्हाला तिथे फारसं काही दिसणार नाही, डोक्यावरचं ऊन रेषा पुसून टाकतं. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर तिरपा उजेड आला की खाचेच्या एका काठावर सावली पडते आणि एकेक जनावर वर येऊ लागतं. उंच वशिंडाचा बैल, हरणं, मोर. बैलाच्या पाठीची रेषा मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलेली आहे, कुठे चाचपडलेली नाही. माणसाची पावलं आहेत, कपासारखे गोल खळगे आहेत, आणि सात फेऱ्यांचं एक मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ आहे. त्यातली एक खाच बोटाने चाचपली तर कडा गोलसर लागते.

यावरून समाजाबद्दल काय म्हणता येतं? कोरणाऱ्यांना जनावरं बारकाईने माहीत होती. एकाच जागी इतक्या आकृती आहेत, तेव्हा ही जागा लोक पुन्हा पुन्हा गाठत होते. एका दुपारची ही करमणूक नव्हे. कोरण्याचा सराव असलेले हात त्यांच्यात होते. इथवर माझा पाय घट्ट आहे. काळ विचाराल तर अडचण येते. कार्बन पद्धतीला कधीकाळी जिवंत असलेली वस्तू लागते, लाकूड, कोळसा, हाड. दगडावरच्या खाचेचं वय तिने काढता येत नाही. म्हणून इथल्या चित्रांचा काळ शैलीवरून आणि इतर ठिकाणांशी तुलना करून ठरवतात, आणि अभ्यासकांच्या अंदाजांत हजारो वर्षांचं अंतर आहे. कुणी तुम्हाला एकच नेमका आकडा सांगितला तर तो कसा काढला, हे जरूर विचारा. चक्रव्यूहाच्या अर्थावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मी त्यातली बरीच वाचली आहेत आणि एकावरही पैज लावणार नाही.

एक गोष्ट मात्र अलीकडे स्पष्ट झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी वगैरे ठिकाणी सड्यांवर कातळशिल्पं मोठ्या संख्येने उजेडात आली, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणच्या कातळशिल्पांचा जो गट गेला त्यात आपलं पणसायमळही आहे. म्हणजे जांभ्यावर कोरण्याची ही रीत एका नदीकाठापुरती नव्हती, कोकणपट्टीभर होती. केपे तालुक्यातल्या काजूरला तर ग्रॅनाइटच्या खडकावर कोरलंय. लोक त्याला दुधाफातर म्हणतात. जांभ्यापेक्षा ग्रॅनाइट फोडायला किती जड, ते पाथरवटाला विचारा.

पण 'समाज' म्हणून सगळ्यात जास्त कशाने शिकवलं, असं मला विचाराल तर मी कातळशिल्प सांगणार नाही, देऊळही नाही. मी बांदोड्याचा ताम्रपट सांगेन. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा नावाचा राजा, काळ साधारण सहावं-सातवं शतक. हस्त्यार्य नावाच्या सामवेदी ब्राह्मणाला त्याने एक हल (जमिनीचं जुनं माप) खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखालची जमीन करमाफीने दिली. जमीन तयार नव्हती. जंगल साफ करायचं होतं, खारं पाणी अडवायला बांध घालायचा होता, आणि त्या कामासाठी राबणारे सेवकही दानाबरोबर आले.

या दोन-चार ओळींत केवढा समाज आहे बघा. एक, भरतीचं पाणी बांधाने अडवून भात पिकवायची विद्या त्या वेळी इथे होती. आज मांडवी-जुवारीच्या काठी जी खाजनं आहेत, ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी मानस, म्हणजे बांधातलं दार आहे, तिच्यामागे किमान तेराशे-चौदाशे वर्षांचा सराव आहे. दोन, पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचं काम राजा दानाच्या वाटेने करवून घेत होता. दान म्हटलं की आपल्याला पुण्य आठवतं. इथे पुण्याबरोबर शेतसारा वाढवायचा हिशेबही असणार. तीन, मालकी एकाची आणि घाम दुसऱ्यांचा. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं नाव, गोत्र, वेद सगळं आहे. बांध घालणाऱ्यांची नावं नाहीत.

इथून पुढे तर्क. खाजनाचा बांध एकट्याने सांभाळता येत नाही. एके ठिकाणी फुटला तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि जमीन लगेच गोडी होत नाही. तेव्हा बांधाची राखण करणारी, खर्च वाटून घेणारी काहीतरी गावसंस्था असलीच पाहिजे. आपली गावकरी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, त्यातूनच वाढली असावी, असं मला वाटतं. ताम्रपटात तसं लिहिलेलं नाही, आणि लिहिलंय असं मी कुणाला सांगणार नाही.

पुराव्याच्या एकांगीपणाची आणखी एक बाजू आहे आणि ती गोव्यात फार महत्त्वाची. तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ घ्या. कदंब काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, घाटाच्या पायथ्याशी रानात. दगड काळा, गुळगुळीत, आपल्या जांभ्याचा नव्हे, घाटावरून आणलेला. तो इथवर आणायला बैल, वाट, कारागीर आणि पैसा लागला, म्हणजे घाटवाटांवरची वर्दळ आणि तिच्यावर सत्ता असलेलं राज्य दोन्ही आलं. इथवर ठीक. पण यावरून 'कदंबांची उत्तम देवळं घाटाखालच्या रानात होती' असं कुणी म्हणेल तर ते चूक. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीतली, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातली देवळं पोर्तुगिजांनी पाडली. नव्या काबिजादीत जे उरलं ते उशिरा ताब्यात आलं म्हणून उरलं. चांदर, जुनं चंद्रपूर, ही भोज राजघराण्याची राजधानी. शिरोड्याला मिळालेल्या देवराजाच्या ताम्रपटात चंद्रपुराचं नाव आहे, हेरास पाद्रींनी १९३० च्या सुमारास तिथे खोदलं. आज तिथे जाऊन काय दिसतं? मुंडकं नसलेला नंदी आणि विटांचा पाया. जुन्या वस्तूंच्या नकाशावर जिथे ठिपके जास्त, तिथे पूर्वी माणसं जास्त होती असं नसतं. तिथे नंतरची मोडतोड कमी झाली, एवढंच कधी कधी कळतं.

आता तुमचे फोटो. पहिल्या दगडावर कोपरात वाकलेला हात आणि मनगटावर बांगड्या आहेत, ती सतीशिळा. दुसरा तीन कप्प्यांचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्याच्या आठवणीचा दगड आहे: खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. लढाईच्या कप्प्यात समोरच्या माणसाच्या हातात काय आहे, पायाशी गुरं आहेत का, ते जवळून पाहा. गुरं असली तर बहुधा ती गुरं सोडवताना झालेली झुंज, म्हणजे गावाचं धन गोठ्यात होतं. असा वीरगळ सैन्याचा नसतो, गावाचा असतो. कुणीतरी पाथरवटाला पैसे मोजून तो करवून घेतला. सतीशिळेवरून मात्र 'त्या काळी सगळ्याच बायका सती जात' असं मुलांना सांगू नका. दगड उभा राहिला, याचा अर्थच ते नेहमीचं नव्हतं, आणि दगड उभारण्याइतकी ऐपत त्या घराची होती. ती बाई खुशीने गेली की ओढून नेली, हे त्या हातावरून वाचता येत नाही.

काही वीरगळांवर लढाईच्या कप्प्यात चक्क जहाजं आहेत. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात असा दगड आहे, मुलांना जरूर दाखवा. वल्ही मारणारे ओळीने बसलेत. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरलाही असेच आहेत. कदंबांचं आरमार होतं, हे लेखांत आहे; दगडावर ते डोळ्यांनी दिसतं.

समुद्राचा विषय निघालाच आहे. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या १०५३ च्या ताम्रपटात छडम नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या अधिकाऱ्याची हकीकत आहे. याच्या आजोबाने कदंब राजा गुहल्लदेव सोमनाथच्या यात्रेला निघाला असताना त्याचं जहाज मोडलं तेव्हा मदत केली होती. छडमने मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसवली गेली. शिवभक्त राजा, मुसलमान व्यापारी, बंदराचा महसूल, सगळं एका पत्र्यावर. आजच्या भांडणात याचा दाखला दोन्ही बाजू देतात. मला त्यात व्यापार दिसतो: बंदर चालवायचं तर व्यापाऱ्याला त्याच्या देवासकट ठेवून घ्यावं लागतं.

पाण्याखालचं काम दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलंय. सुंची रीफपाशी सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज बुडालेलं मिळालं. त्यात हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, लोखंडी तोफा. आफ्रिका आणि चीन एकाच खोलात. सेंट जॉर्ज रीफपाशी बुडालेल्या दुसऱ्या जहाजात बाझल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्याची मंगळुरी कौलं भरलेली होती आणि कौलांवर १८६५ हे साल. हे साल म्हणजे जहाज बुडाल्याचं साल असं कुणी समजेल. तसं नाही. १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या सुरुवातीचं साल, पुढे कित्येक वर्षं तेच छापलं जात होतं. एवढंच म्हणता येतं की जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं. लिहिलेल्या सालापेक्षा वस्तू आधीची असू शकत नाही, नंतरची कितीही असू शकते. नाण्यांनाही हाच नियम.

शेवटी एक असं उदाहरण, जिथे तिघे साक्षीदार खरंच जुळले. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्रींनी तिचे अवशेष १६२७ मध्ये गोव्यात आणले आणि जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिन मठात ठेवले. मठाचा पुढे कोसळून ढिगारा झाला. ते कुठल्या खिडकीपाशी ठेवले, हे जुन्या पोर्तुगीज कागदांत होतं, पण ढिगाऱ्यात ती खिडकी शोधायची कशी? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आधी मठाचा आराखडा मोकळा केला आणि २००४-०५ च्या सुमारास हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला आईकडून येणारा डीएनए तपासला. तो ज्या गटाचा निघाला तो हजारो भारतीय नमुन्यांत कुणाकडेच नव्हता. जॉर्जियातल्या तीस जणांत दोघांकडे होता. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले.

वर्तमानपत्रांनी छापलं, 'डीएनएने सिद्ध केलं'. एकट्या डीएनएने तसं काही केलं नाही. त्याने फक्त सांगितलं, हे माणूस त्या प्रदेशातल्या आईच्या वंशातलं असू शकतं. कागदाने जागा सांगितली, खणणाऱ्यांनी त्या जागेच्या आसपास हाड दाखवलं, मग तिन्ही जुळलं. लक्षात घ्या, एवढा आटापिटा करून हाती लागलं ते एका माणसाचं नाव. नावगाव नसलेल्या हजारोंसाठी असा कागद कधीच मिळणार नाही.

आता 'प्रगत संस्कृती'. हा शब्द मी वापरत नाही. प्रगत कशात? भरतीला थोपवणारा बांध घालणारा माणूस कातळावर कोरणाऱ्यापेक्षा वरचढ, असं ठरवायला मोजपट्टी कुठली? मुलांना उलट असं विचारा: हा दगड इथे कुणी आणला असेल, किती जण लागले असतील, त्या दिवशी त्यांना जेवण कुणी घातलं असेल? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग जागा होतो.

आणि तुमच्या दगडांबाबत: ते हलवू नका, सिमेंटच्या चौथऱ्यात बसवू नका, तेल-शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू देऊ नका. देवस्थान समितीला विश्वासात घ्या, कारण दगड त्यांच्या आवारात आहेत. शेजारी फूटपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो, तोंड कोणत्या दिशेला, देवळापासून अंतर, आणि गावात त्यांना काय म्हणतात, एवढं लिहून पणजीच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीतून काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

मुलांना पणसायमळला न्यायचं तर पावसाळा सोडून, कारण तेव्हा नदी कातळावर चढते. सकाळी लवकर पोचा, चपला बाहेर काढून ठेवायला लावा, आणि फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत खडू भरू देऊ नका.